शंभरावा विद्यार्थी

लोफ्टन, नॉर्थ डकोटा
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय सोल्वेग मावशीस,

रॅग्नाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे, की खिडकीशी बसून दुसऱ्यांना चालताना बघणं चालू आहे? मी लाटून पाठवलेल्या बटाट्याच्या लेफ्सा पोचल्या असतील. (कडा जाड झाल्या आहेत, मला माहीत आहे. बोलू नकोस.) तू मोबाईलला हातही लावत नाहीस, तेव्हा सगळं कागदावर लिहिणं आलं.

तू कॉलेजची लायब्ररी माझ्या गळ्यात घालून निवृत्त झालीस, त्याला आता अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. आमचे नवे डीन व्हेलन यांना आपल्या वाचनाच्या खोलीत आइस हॉकीच्या पोरांसाठी वजनं उचलायची यंत्रं बसवायची आहेत. म्हणे, पोरं तुमच्याकडे येतातच कुठे, सगळं तर मोबाईलवर बघतात! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग लायब्ररी मोबाईलवर नेते. (कशी नेतात याची मला तेव्हा काडीचीही कल्पना नव्हती.) ते हसले आणि अट घालून मोकळे झाले: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी शंभर वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवरून काही विचारलं तर खोली माझी, नव्याण्णवांनी विचारलं तर यंत्रांची. मीही तुझीच भाची. म्हटलं, लागली पैज.

पंधरा दिवसांत सगळं जमवलं. मोबाईलवरून पुस्तक राखून ठेवा, लेखाची पानं मागवा, काही अडलं तर विचारा. सुंदर पत्रकं छापली, लायब्ररीत जागोजागी लावली आणि हातात मोबाईल धरून बसले. पहिला आठवडा गेला. एक प्रश्न येईल तर शपथ! शेवटी फरशी पुसणारा एल्रॉय माझ्यापुढे बादली ठेवून म्हणाला, "बाई, पोरांनी मोबाईल काढायचा की बंद ठेवायचा, एकदा काय ते ठरवा ना!" वर बघितलं तर प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर तुझी पाटी: 'मोबाईल बंद म्हणजे बंद.' मीच ती पत्रकं पाट्यांखाली रेषेत, पट्टी लावून चिकटवली होती. आपली पोरं किती आज्ञाधारक, तुला ठाऊकच आहे. बिचारी नंबर वहीत उतरवून घ्यायची, आणि मोबाईल चालू करण्याइतकी लांब जाईपर्यंत विसरून जायची.

पाट्या काढायला हात धजावेना. (चार-चार स्क्रू आणि वर रंगाचे दोन हात. तू काय युद्धाची तयारी केली होतीस का?) मग पत्रकंच उचलली आणि आइस हॉकीच्या मैदानावर, कपडे धुवायच्या दुकानात, धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात, जिथे जिथे पोरं ताटकळत उभी असतात तिथे लावली. त्याच दिवशी पहिला प्रश्न आला: 'लायब्ररी उघडी आहे का?' आता तूच शिकवलंस ना, उत्तर देण्याआधी माणसाला नेमकं काय हवंय ते खोदून काढायचं म्हणून? मी तीन प्रश्न उलट विचारले: कोणत्या कामासाठी, कोणत्या विषयासाठी, कधीपर्यंत हवं आहे. पोराचं उत्तर आलं, 'जाऊ दे.' तो पहिला विद्यार्थी धरला.

नंतर मात्र खोदणं सोडलं, आणि गाडी सुरू झाली. गेल्या आठवड्यातल्या हिमवादळात रस्ते बंद होते तेव्हा एक नर्सिंगची मुलगी पन्नास मैलांवर शेतावर अडकली. (नाव सांगणार नाही. कुणी काय वाचायला मागितलं ते शेरीफलाही सांगायचं नाही, हेही तुझंच.) दुसऱ्या दिवशी तिला निबंध पाठवायचा होता. मी कपाटातून जर्नल काढलं, बावीस पानांचे फोटो घेतले आणि पाठवले. तिने लिहिलं, 'बाई, दोन वर्षं लायब्ररीच्या दारातून परत जायचे. आपण काहीतरी बावळट विचारू अशी भीती वाटायची. इथे नाही वाटत.' मावशी, मला रडू आलं. आपल्या दारातून अशा किती जणी परत गेल्या असतील गं? त्या दिवसापासून हे नुसतं पैजेसाठी राहिलं नाही. मी हरणार नाही, बस्स.

काल आकडा शंभर झाला. डीननी यादी बघितली (नावं नाहीत, नुसते नंबर आणि वेळा) आणि एका नंबरावर बोट ठेवलं. हा नंबर रोज सकाळी आठच्या ठोक्याला विचारतो. डीन म्हणाले, "इतकी वक्तशीर पोरं या कॉलेजात आहेत? मी पैजेवर सांगतो, हा विद्यार्थी नाही." मी म्हटलं, "कोण काय विचारतं ते आम्ही सांगत नसतो." ते म्हणाले, "नाव नको. शंभरच्या शंभर जण नोंदलेले विद्यार्थी आहेत एवढं सोमवारी लिहून द्या." खोटं मी लिहून देणार नाही. तेव्हा अजून नव्याण्णवच समज.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझी,
रॅग्ना

ता.क. मावशी, आठच्या ठोक्याला शेळ्यांच्या आजारांवरचं पुस्तक विचारून वर माझा कपाटाचा क्रमांक चुकला म्हणून मला झापणारं अख्ख्या डकोटात एकच माणूस आहे. मोबाईल कधी घेतलास?

ता.क. २. सोबत प्रवेशाचा अर्ज आहे. पासष्टीनंतर कुठलाही एक वर्ग फुकट असतो. तुझ्यासाठी मातीची भांडी निवडली आहेत, बसून करता येतात. फुलीपाशी सही कर आणि उलट टपाली पाठव. सोमवारच्या आत पोचला पाहिजे. तोवर दुसरं कुणी विचारेलही, पण शंभरावी मला तूच हवीस.

ता.क. ३. एल्रॉय पाट्या काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी त्याला पाट्यांना हात लावू देणार नाही. ते मात्र टपालाने कळवू नकोस. अर्ज तोवर नोंदलेला असेल, तेव्हा सोमवारी आठच्या ठोक्याला मोबाईलवरून कळव आणि त्यातच काहीतरी विचार, म्हणजे नोंदलेली विद्यार्थिनी म्हणून तुझा पहिला प्रश्न होईल. काहीही विचार. फक्त एकदा तरी, उत्तर तुला आधीच माहीत नाही असं काहीतरी विचार.