आय लियाची तसबीर

२१ जुलै

प्रिय इस्मिनी,

तुमच्या घराच्या दलालाचा काल पुन्हा फोन आला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. संताची तसबीर घरात आहे तोवर एकही गिऱ्हाईक उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, असं तो म्हणतो. बरोबरच आहे. तिचं काय झालं ते तुला कळायला हवं, आणि फोनवर मला असलं बोलता येत नाही.

अथेन्समध्ये तू बरी असशील. इथे ऊन फार आहे. माझे गुडघे ठीक आहेत.

परवा संध्याकाळी टेकडीवरच्या देवळात संत आय लियाचा उत्सव पार पडला. गेल्या वर्षी त्याच अंगणात स्तामातिसने तसबीर हातात घेतली, तेव्हा त्याची बायको म्हणून तू शेजारी होतीस. वर्षभर संताला घरी ठेवायचं, दिवा विझू द्यायचा नाही आणि पुढच्या उत्सवाला गावाला जेवू घालायचं, हे त्याने मान्य केलं होतं. नोव्हेंबरात त्याची होडी परत आली नाही. तू गेल्यावर दिव्यात तेल मी घालत होते. पाद्रीबुवा म्हणाले, "तसबीर देवळात परत आणा, बाई. कुणी नावं ठेवणार नाही." मी नाही म्हटलं. घेतलेलं काम अर्धवट टाकायची आमच्या घरात रीत नाही.

काबुली चण्यांची मडकी कुंभाराच्या भट्टीत लावली होती. कांदा, तमालपत्र आणि तेल, बस्स. रश्शाच्या कढईपाशी याकुमिस घामाघूम झाला होता.

"बाई, मीठ बघा."

"तू चाखलंस ना?"

"यजमानानेच चाखायचं असतं."

"कमी आहे."

"घ्या! शाळेत तरी तुम्ही कुणाला पैकीच्या पैकी दिले होते?"

सगळे हसले. मीसुद्धा.

जेवणं होत आली तसे पेले वर झाले. यजमान म्हणजे ज्याने तसबीर हातात घेतली तो. नाव त्याचंच घेतात. याकुमिस सवयीने ओरडला, "स्तामातिसला उदंड आयुष्य!" आणि अख्खं अंगण ओरडलं, "उदंड आयुष्य!"

मग व्हायोलिन थांबलं. याकुमिसने तोंडावर हात धरला.

यजमानाने उत्तर द्यायचं असतं. मी उठले. म्हटलं, "तुम्हालाही. आता वाढून घ्या, चणे गार होतायत."

आणखी एक वर्ष तसबीर मीच ठेवते, असं सांगायचं ठरवून मी टेकडी चढले होते. संत घरात असता तर घर विकलं गेलं नसतं. स्तामातिसचे बूट अजून दाराशी राहिले असते. हेही तुला कळू दे.

पुढच्या वर्षासाठी तसबीर घ्यायला बेकरीवाली कालोमिरा पुढे आली. मी तसबीर तिच्या हातांवर ठेवली, पण माझे हात सुटेनात.

"जड आहे का, बाई?"

"नाही."

"मग द्या ना."

तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्याकडे दिवा विझायचा नाही. स्तामातिसच्या नावानेच लावीन."

भिंत आता मोकळी आहे. दलालाला पाठव. बूट मी माझ्या घरी आणले आहेत. ते मागू नकोस.

आय लियाची तसबीर, चांदीचा दिवा आणि उरलेलं तेल १९ जुलै रोजी पाद्रीबुवांसमोर कालोमिराच्या स्वाधीन केलं.

स्तामातिसच्या वतीने,
त्याची आई,
एव्हदोकिया