काळी तीनची टाळी

मॉरिशस,
रविवार, दि. २६ ऑक्टोबर २०२५, दुपारी तीन

चि. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम वि. वि.

फोन न करता पत्र लिहितो आहे. कारण फोनवर तू रडशील आणि मला सारे क्रमाने सांगता येणार नाही. याचा फोटो आपल्या मंडळीतली उज्ज्वला तुझ्या शेजारच्या रतनबाईंच्या मोबाइलवर पाठवील. त्या वाचून दाखवतील.

तुझा आदिनाथ सकाळच्या उपासनेनंतर नाहीसा झाला आहे.

आपला तरुण संघ इथल्या चर्चमध्ये फारच सुंदर गायला. आपल्या आष्टीच्या पेटीची काळी तीन ही पट्टी अकरा वर्षे मुकी आहे. तो स्वर आला की मुले थांबतात आणि टाळी देऊन जागा भरतात, हे तू जाणतेस. इथल्या पियानोचा स्वर न् स्वर धड, तरीही मुलांनी टाळी दिलीच! वादकाने कौतुकाने विचारले, म्हणून मी त्याला हा प्रकार सविस्तर समजावत बसलो. शिवकन्या, त्या पंधरा मिनिटांतच पोरगा गेला.

त्याच्या पिशवीवर चिठ्ठी मिळाली: ‘मी न्हाई तर आईला कोयता न्हाई. विमान गेल्याबिगर मी येत न्हाई.’ त्याचा तर्क असा. ऊसतोडीच्या टोळीत दोघांची जोडी म्हणजे एक कोयता; दाजी गेल्यापासून तुम्हा मायलेकांचा मिळून एक धरतात. गेल्या हंगामात तू फडातच चक्कर येऊन पडलीस. तो परतला नाही तर जोडी मोडेल, मुकादम तुला नेणार नाही आणि तू घरी राहशील.

चर्चमागे लगेच ऊस लागतो. आपल्याकडे कडा गावच्या वाटेवर असतो तसाच, डोक्याच्या वर. तो त्यातच असावा. हाका मारून आमचे घसे बसले. पोलिसांत सांगावे तर त्याला धरतील. न सांगावे तर परवा विमान सुटेल. त्याचा पासपोर्ट माझ्या खिशात आहे. चौतीस वर्षे शाळेत उत्तर काढण्याची रीत शिकवली. आज माझ्याजवळ रीतच नाही.

रागव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा दादा,
अभिमन्यू

आष्टी,
रविवार, दिवेलागणीला

ती. दादास,
शिवकन्येचा सलाम वि. वि.

मी सांगतेय, रतनबाई लिवतेय. दादा, तुमी लई शिकलेले. पर त्या पेटीवाल्याला पंधरा मिनिटं काय समजावत बसला व्हता? पोराकडं कुनी बघायचं?

त्याला म्हणावं, उसातच लपायचं व्हतं तर इमानात बसून एवढ्या लांब कशापायी गेलास? इथं काय ऊस कमी हाय? उपाशी असंल. त्याला म्हणावं, तुजंच खरं झालं. मुंजाजी मुकादम येऊन गेला. जोडी न्हाई म्हणून माजं नाव काढलं. मी घरीच हाय. आता बिनघोर ये.

दादा, हितून फुडचं त्याला वाचू नका. मुकादमानं नाव काढलेलं न्हाई. अर्धा कोयता म्हणून घेतलंय, कुण्या एकट्या बाईसंगं जोडी लावनार हाय. गाडी गुरुवारी निघती. पोरगं परमुलखात जेलात गेलं तर मी काय करू? खोटं बोलावं लागलं तर बोला. पाप माज्या नावावर लिवा.

आमच्यावर जीव हाय तसाच ऱ्हाऊ द्या.

तुमची बहीण,
शिवकन्या

मॉरिशस,
सोमवार, दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम वि. वि.

आदिनाथ सापडला, हे आधी लिहितो.

आज सकाळी मुलांना उसाच्या कडेला उभे केले आणि बजावले, की काळी तीनच्या जागी कोणीही टाळी द्यायची नाही, नुसते थांबायचे. पहिल्या कडव्यात ती जागा रिकामी गेली. दुसऱ्यातही. तिसऱ्याला उसातून टाळी आली. त्याला ती जागा रिकामी सोडवली नाही, शिवकन्या!

मग मी तुझे पत्र मोठ्याने वाचले. ‘आता बिनघोर ये’ येथपर्यंत आलो आणि थांबलो. मी कुठलाही धडा अर्धा सोडत नाही, हे त्याला ठाऊक. तो माझाच विद्यार्थी. तो बाहेर आला. हात आणि गाल पाचटाने कापलेले. त्याने माझ्या हातातला उज्ज्वलाचा मोबाइल घेतला आणि शेवटपर्यंत स्वतः वाचले. मला अडवता आले असते. मी अडवले नाही. तू मला खोटे बोलण्याची मुभा दिली होतीस. ती मला वापरता आली नाही. याबद्दल तू मला काय म्हणशील, याचाच विचार दिवसभर करतो आहे.

उद्याच्या विमानात तो आमच्याबरोबर आहे. आज संध्याकाळी गाणार नाही म्हणाला. मी आग्रह केला नाही. खालच्या ओळी त्याच्या हातच्या आहेत; मी त्या दुरुस्त केलेल्या नाहीत. माझ्यावर पूर्वीसारखा लोभ ठेवशील का?

तुझा दादा,
अभिमन्यू

आई, मुकादमाला सांग, दुसरी बाई लावू नको. गुरुवारच्या आत मी येतोय. कोयता पुरा हाय.