सातांपैकी सहा

३ जून, शनिवार
सरकारी आकडा आला. अख्ख्या देशात रस्त्यावर कॉर्मोरंट गाड्या — सहा. मार्चमध्ये सात होत्या.

असली बोजड एसयूव्ही तेव्हाही फारशी कुणी घेतली नाही. आम्ही दोघा भावांनी एकाच दिवशी घेतल्या. माझी दारात उभी आहे. दर तीन महिन्यांनी सात दिसले की समजायचो, थोरला गेथिन बरा आहे. त्याची दुसरी खबर नसतेच.

५ जून
कॉर्मोरंटवाल्यांच्या क्लबातल्या पाचही जणांना फोन केले. पाचांच्या पाच चालू. माझी धरून सहा.

म्हणजे गेथिनची गेली. गाडी गेली, की गेथिन?

९ जून
बायको लोवरी म्हणाली, "फोन कर ना. भाऊ आहे तुझा."
"अकरा वर्षांनी काय विचारू? गाडीचं काय झालं?"
"तेच विचार."

नाही केला. आईला त्याने वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा मी बोटीवर होतो, हजारो मैल लांब. तरी तिच्या शवपेटीला मी त्याला खांदा देऊ दिला नाही. अख्ख्या चॅपेलसमोर. बायकोला हे बोलून दाखवत नाही. इथे लिहितो.

१६ जून
फोन अजून केला नाही. उद्या जातो.

१७ जून, शनिवार
पेम्ब्रोकला गेथिनच्या घरापर्यंत चार तास. दार त्यानेच उघडलं.

जिवंत आहे. उजवा हात सारखा थरथरतो. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलंय. ती रस्त्यावरून काढल्याच्या कागदावर सही त्यानेच केली. माझ्याकडे बघून म्हणाला, "एमिर? पार्टसाठी आलास?"

आणि मी हो म्हणालो. स्टार्टर हवाय म्हणालो. लिहितानाही लाज वाटते.

"मग काढ."

दुपारभर त्याच्या गाडीखाली पडून बोल्ट सोडवले. तो शेजारी टॉर्च धरून बसला. उजेड हलायचा, मग डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचा. "जरा इकडे", "अजून खाली" — एवढंच बोललो. त्याने चहा विचारला नाही, मी मागितला नाही.

१८ जून
सकाळी त्याचा फोन.
"स्टार्टर बसवलास?"
"नाही. माझा ठणठणीत आहे."
"ठाऊक आहे. काल निघताना तुझी एका झटक्यात सुरू झाली की."
"मग काढू का दिलास?"
"आता परत लावायला यावं लागेल ना तुला."