हर्नियाच्या नावाखाली

२ फेब्रुवारी
तारीख मिळाली! २४ मार्च. छातीचं ऑपरेशन. इतकी वर्षं वाट पाहिली, आता दीड महिना म्हणजे काय, चुटकीसरशी.

सर्जनबाईंनी विचारलं, सिगारेट ओढता का. मी म्हटलं, कधीमधी. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं पिवळी आहेत ती ग्रीसमुळे, असं सांगणार होतो. मग आठवलं, ग्रीस काळं असतं. हात खिशात घातले.

त्यांनी सगळं नीट समजावलं. आतलं काढून छाती सपाट करायची, दोन्ही निपल कापून लहान करायचे आणि पुरुषाच्या असतात त्या जागी परत शिवायचे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पोचलं नाही की शिवलेलं काळं पडून गळतं. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. सहा आठवडे आधी बंद, सहा आठवडे नंतर बंद. ऑपरेशनच्या आधी लघवीची टेस्ट. टेस्टमध्ये सापडलं तर ऑपरेशन कॅन्सल.

नो प्रॉब्लेम. मला व्यसन नाहीच. सिगारेट हे माझं ओळखपत्र आहे. लिफ्ट रिपेअरच्या नोकरीत लागलो तेव्हा दाढी उगवायची होती, आवाज जुन्या लिफ्टच्या दारासारखा करकरत होता. लोक टकामका बघायचे. पहिल्याच आठवड्यात एका बिल्डिंगच्या गच्चीवर मशीन रूमच्या मागे सिगारेट पेटवली आणि खोकत उभा राहिलो. तेवढ्यात माझा सीनियर आला नि म्हणाला, भावा, काडी दे. भावा! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं. त्या दिवसापासून खिशात काडेपेटी नाही असं झालेलं नाही.

या सीनियरला सगळे काउंटरवेट म्हणतात. लिफ्टच्या दोराला एका टोकाला केबिन असते, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळायला लोखंडी वजन. ते काउंटरवेट. याला का म्हणतात ते एकदा पाहिलं की कळतं. काम संपलं की हा शर्ट काढून कठड्यावर वाळत घालतो आणि उघडाबंब उभा राहून ओढतो. शेजारी मी. आत छाती दाबून धरणारा बाइंडर, त्यावर बनियन, त्यावर शर्ट, घामाने थबथबलेला. माझं स्वप्न साधं आहे. माझाही शर्ट कठड्यावर, छातीवर वारा, तोंडात सिगारेट. चित्र तयार आहे, फक्त छाती यायची आहे.

उद्यापासून बंद. आज पाकिटात थोड्या उरल्यात. टाकून देणं बरं नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी
बंद. फुप्फुसं हलकी वाटतायत. उगाच लोक बाऊ करतात.

दुपारी
एक ओढली. चहाबरोबरची धरत नाहीत.

संध्याकाळी
आज चहा जरा जास्त झाला.

६ फेब्रुवारी
सुट्टीसाठी कारण हवं होतं. काउंटरवेटला सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. त्याने विचारलं, कुठे. मी कमरेच्या खाली हवेत गोल हात फिरवला. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, माझ्या मेहुण्याला झाला होता, जड उचलायचं नाही. तेव्हापासून टूलबॉक्स तोच उचलतो.

माणूस भोळा आहे. इतकी वर्षं बरोबर काम करतो, पण शंकासुद्धा नाही. अभिनय रक्तात असावा लागतो.

१९ फेब्रुवारी
सापडला उपाय! निकोटिन गम. मेडिकलवाल्याकडे डब्याने मिळतो. परवापासून एकही सिगारेट नाही. एकही! नुसता चघळतो. सकाळी उठून एक, ब्रश करून एक, मग मोजत नाही. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.

आई म्हणाली, म्हैससुद्धा रवंथ करताना मध्ये थांबते.

तिला कौतुक करता येत नाही. जाऊ दे.

१६ मार्च
टेस्ट. नापास.

नर्सने दोनदा विचारलं, नक्की ओढली नाही ना. मी ताठ मानेने सांगितलं, महिनाभर तोंडालासुद्धा लावली नाही. पुरावा म्हणून खिशातून गमचा डबा काढून तिच्या टेबलावर ठेवला. तिने डबा हातात घेतला आणि वरचं नाव मोठ्याने वाचलं. निकोटिन.

सर्जनबाई म्हणाल्या, मी सिगारेट बंद असं नव्हतं सांगितलं, निकोटिन बंद असं सांगितलं होतं. गम नाही, पट्टी नाही, काही नाही. मी वाद घातला. धुराशिवाय कसं काय काळं पडेल, असं विचारलं. त्यांनी कॅलेंडर उलटलं. नवी तारीख २६ मे.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये रडलो. मनापासून रडलो. एवढी जवळ आलेली गोष्ट माझ्याच जबड्याने चावून टाकली. रडता रडता लक्षात आलं की लिफ्ट खाली थांबताना दोन बोटं वर राहते. वॉचमनला सांगून आलो, कुणीतरी अडखळून पडेल.

१७ मार्च
गम बनवणाऱ्यांवर केस टाकायला पाहिजे.

तारीख गेलीच आहे, मग आता उपास कशाला? तीन ओढल्या. काउंटरवेटने विचारलं, हर्नियाचं काय झालं. म्हटलं, डॉक्टर सुट्टीवर गेले. तो म्हणाला, मेहुण्याला खोकल्यामुळे टाके तुटले होते, तू ही सिगारेट बंद कर. आणि स्वतःची, नुकती पेटवलेली, पाण्याच्या बादलीत टाकली. अख्खी! वेडा आहे.

१ एप्रिल
नव्याने सुरुवात. गम नाही, पट्टी नाही, काही नाही. आजची तारीख योगायोग आहे.

९ एप्रिल
काउंटरवेटने पण सोडली म्हणे. बायकोला घाबरला असणार. गच्चीवर आता शेंगदाणे आणतो आणि माझ्यासमोर पुडी धरतो. दिवसभर चिडचिड करतो, काल एका स्क्रूला शिव्या घातल्या. मला त्याची कीव येते. सोडायला मनगटात जोर लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. मी त्याला धीर दिला. म्हटलं, माझ्याकडे बघून शिक.

२१ एप्रिल
हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

आज एका उंच बिल्डिंगमध्ये काम होतं. मी खाली पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या शाफ्टच्या तळाला. काउंटरवेट सगळ्यात वर मशीन रूममध्ये. लिफ्ट बंद केलेली. खाली अंधार, ग्रीसचा वास, चिटपाखरू नाही. शर्टाच्या खिशात एक जुनी सिगारेट निघाली. (मी ठेवली नव्हती. निघाली.) म्हटलं एकच झुरका. इथे कोण बघतंय?

शाफ्ट म्हणजे धुराडंच, हे लिफ्टच्या माणसाला कळायला हवं होतं. धूर सरळ वर, मशीन रूममध्ये, थेट त्याच्या नाकाखाली. वरून हाक आली, हर्निया! सगळ्या शाफ्टमध्ये घुमली. मग पावलं. लिफ्ट बंद, म्हणून तो एवढा देह घेऊन सगळे मजले पायी उतरला. खाली पोचला तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा लाल, बोलता येत नव्हतं. माझ्या तोंडातली सिगारेट काढून बुटाखाली चिरडली. दम खाऊन झाल्यावर एवढंच म्हणाला, तुला ऑपरेशन पाहिजे का नको, ते एकदा ठरव.

पाहिजे. रोज सकाळी आरशाकडे पाठ करून शर्ट घालतो मी. पाहिजे म्हणजे काय!

हर्नियासाठी एवढा तापला, खऱ्यासाठी काय केलं असतं?

२२ मे
टेस्ट पास. नर्सने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हसली. मी म्हणालो होतोच, मला व्यसन नाही.

२५ मे
उद्या. आई माझी बॅग भरते, उपसते, परत भरते. सकाळपासून मला तीनदा विचारलं, भूक लागली का रे.

नंतरच्या सहा आठवड्यांसाठी एक इमर्जन्सी सिगारेट ठेवून दिली. ओढायला नाही, नुसती असावी म्हणून. कपाटाच्या वर, आईच्या जुन्या बटणांच्या डब्यात. तिचा हात तिथे पोचत नाही. डोकं वापरायचं असतं.

३१ मे
घरी आलो. सपाट आहे. पट्टी आहे, घट्ट जाकीट आहे, दोन्ही बाजूंनी नळ्या आणि त्यांना लोंबणारे डबे आहेत, पण सपाट आहे. मान खाली घातली की सरळ पोट दिसतं. पोट सुटलंय हे आजवर कळलंच नव्हतं.

नळ्यांचे डबे आई रिकामे करते. तोंड वाकडं करत नाही, फक्त मोजताना पुटपुटते.

२ जून
सर्जनबाईंनी सांगितलंय, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. बरेच आठवडे.

सिगारेट कपाटाच्या वर आहे.

३ जून
स्टुलावर चढलो. हात तरी वर करावाच लागतो. उतरलो.
फुटपट्टी दातात धरून डबा ढकलायचा प्रयत्न केला. डबा आणखी मागे गेला.
शेवटी आईला म्हटलं, तो बटणांचा डबा दे ना, एक बटण लावायचंय. ती म्हणाली, तुझ्या जाकिटाला चेन आहे. तरीही स्टुलावर चढली. डबा काढला. उघडला.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. तिने सिगारेट कुस्करून मनीप्लांटच्या कुंडीत टाकली. मग मला बाथरूममध्ये खुर्चीवर बसवून माझे केस धुतले, लहानपणी धुवायची तसे, कानामागे नखं लावून. माझ्या डोक्यावरूनच म्हणाली, जन्म मी दिला, पण तुला पाहिजे तसा तू आत्ता झालास, आता तो पण जाळायचाय का. माझ्या डोळ्यांत साबण गेला. खरंच साबण होता.

७ जून
पट्टी उघडली. दोघंही जागेवर! गुलाबी, खपल्या धरलेले, पण हजर. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो. आई सर्जनबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, थोरला जरा तिरका बसलाय का. सर्जनबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

१६ जून
काउंटरवेट आणि वहिनी भेटायला आले. आईला आधी पढवून ठेवायचं राहून गेलं. वहिनींनी विचारलं, हर्नियाचं कसं काय. आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बरं आहे आता, चांगले दोन निघाले. काउंटरवेटला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

तो बाल्कनीत गेल्यावर वहिनी माझ्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, बरं झालं सोडलीत भाऊजी, तुमच्यामुळे यांचीही सुटली. लग्नात मला शब्द देऊन यांनी सिगारेट सोडली होती. मग एक दिवस घरी आले ते वास घेऊनच. म्हणाले, एक नवीन पोरगा लागलाय, कुणी बोलत नाही त्याच्याशी, गच्चीवर एकटाच खोकत उभा असतो. त्याच्याजवळ जायला काहीतरी निमित्त पाहिजे ना. म्हणून काडी मागितली.

बायका काहीही सांगतात. मी सिगारेट त्याच्यात बसण्यासाठी धरली, आणि तो म्हणे माझ्यात बसण्यासाठी. असं कधी असतं का! म्हणजे इतकी वर्षं दोघांनी एकमेकांसाठी उगाच... नाही. शक्य नाही.

झोप येत नाहीये. टाके खाजतायत म्हणून.

२० जुलै
उद्या कामावर. हलकी कामंच करायची, पण कामावर! सहा आठवडे उलटून गेलेत, आता कायद्याने मी मोकळा. नवं पाकीट घेतलं. एकच ओढणार, चित्र पूर्ण करण्यापुरती. पूर्ण प्लॅन ठरलाय. काम संपणार, मी काही न बोलता शर्ट काढणार, कठड्यावर टाकणार, सिगारेट तोंडात धरणार. काउंटरवेटच्या हातातून पुडी गळून पडणार. मग मी त्याला शांतपणे सगळं सांगणार. बिचाऱ्याला धक्का बसेल. आईला म्हटलं, त्याला सांभाळून घ्यावं लागेल. आई नुसतीच हं म्हणाली.

२१ जुलै
काम दुपारी संपलं. गच्चीवर गेलो. ऊन, वारा, सगळं प्लॅनप्रमाणे. काउंटरवेटने शर्ट काढला, कठड्यावर टाकला. मी बटणं सोडायला लागलो. शर्ट काढला, त्याच्या शर्टाशेजारी टाकला. छातीवर वारा लागला. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा. सिगारेट तोंडात धरली आणि त्याच्याकडे वळलो.

त्याने पाहिलं. थोरला पाहिला, धाकटा पाहिला, व्रण पाहिले. शेंगदाण्याचं साल फुंकलं. म्हणाला, तुझा हर्निया फारच वर होता रे.

माझं तोंड उघडं पडलं. सिगारेट खाली ग्रीसच्या डब्यात.

विचारलं, कधीपासून माहीत होतं. म्हणाला, पहिल्या आठवड्यापासून, ऑफिसात सगळ्यांनाच. सांगायचं तेव्हा तू सांगशील, म्हणून कुणी विचारलं नाही. आणि तिरका बसलाय तो, असंही म्हणाला.

दुसरी सिगारेट काढली. निदान चित्र तरी पूर्ण व्हावं. खिसे चाचपले. मापाच्या नव्या शर्टाच्या नादात काडेपेटी घरी. म्हटलं, भावा, काडी दे. तो म्हणाला, मी एप्रिलपासून बाळगत नाही. त्याने पुडी पुढे केली. शेंगदाणे घेतले. खारे होते.

तेवढ्यात पलीकडून एक आजी कपड्यांची बादली घेऊन आल्या. आम्हाला पाहून तिथेच थबकल्या आणि सुरूच झाल्या. काय हे, दोन धटिंगण पुरुष उघडेबंब उभे, बायामाणसं येतात इथे, लाजा सोडल्यात की काय, आधी शर्ट घाला दोघं. काउंटरवेट खाली मान घालून सॉरी म्हणाला. मीही म्हणालो.

जन्मभर थांबून काढलेला शर्ट पाच मिनिटांत परत घातला. अजून ओलाच होता.