पोट स्वच्छ आहे

१२ जानेवारी, शुक्रवार

इस्पितळातून फोन. अपघात विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई. "मला नुसतं रुलीन म्हण, सित्से." बरं, रुलीन. आमची मुलगी यांनी ठणठणीत म्हणून घरी पाठवली, ती पहाटेपर्यंतही टिकली नाही, आणि आता आम्ही एकमेकांना नावाने हाका मारतो. फारच मोकळी माणसं आहोत आम्ही!

त्यांनी एक रबरी बाहुली घेतली आहे. दहा वर्षांच्या मुलीएवढी. पोटात रक्तस्राव झालाय का, हे सोनोग्राफीवर ओळखायला शिकण्यासाठी. दर मंगळवारी सराव. तिला आमच्या जिक्केचं नाव द्यायची इच्छा आहे म्हणे. "आदर म्हणून."

बायकोला, हिस्केला, सांगितलं. ती बटाटे सोलत होती. "रबराच्या बाहुलीला? दर मंगळवारी तिच्या पोटात रक्त सोडणार आणि माझ्या लेकीच्या नावाने हाका मारणार?" मग पुढचा बटाटा घेतला.

१६ जानेवारी

तरी गेलो बघायला. कॉफी आली. बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक उचललं, झाकण बंद. मूल गेलेल्या बापालाही एकच! रीत ती रीत.

बाहुली खाटेवर. पोट मऊ, चेहरा अगदी समाधानी. कुशीतून एक नळी, तिला छोटा नळ. नळ उघडला की पोटात पाणी जातं आणि पडद्यावर यकृताच्या खाली काळी पट्टी दिसते. तेच रक्त.

डॉक्टर एकेक करून आले. जेल लावलं, यंत्राची मूठ फिरवली. उजवीकडे बरगडीखाली, डावीकडे, मूत्राशयावर. "रक्त!" टाळ्या. पुढचा. "रक्त!" टाळ्या. एकही नापास नाही. अशी आज्ञाधारक मुलगी मी पाहिली नाही. आमची नव्हती अशी.

बाहुलीच्या बापाचं सोंग इस्पितळातला व्यायामोपचार करणारा विबे करतो. हमसून हमसून रडतो. नंतर मला विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "तुझा आवाज चांगला आहे."

निघताना रुलीनला विचारलं, "आणि नळ बंद असला तर?"

"मग दिसणार काय? रिकामं पोट बघायला कोण येईल!" बोलून गेली. आणि मानेपर्यंत लाल झाली.

१७ जानेवारी

झोप नाही. सगळं पुन्हा आठवलं, तेव्हा लिहूनच टाकतो.

जिक्के शाळेच्या वळणावर सायकलवरून पडली. हँडलचं टोक पोटात. बटणाएवढा गोल वळ, बस्स. तपासायला च्येब्बे नावाचा डॉक्टर, दिव्याच्या खांबासारखा. त्याने पडदा आमच्याकडे वळवला, नवीन मोटार दाखवावी तसा. "रक्त असतं तर काळं दिसलं असतं. दिसतंय कुठे काळं? पोट स्वच्छ आहे. दुखलं तर पॅरासिटामॉल." या देशात छप्पर उडालं तरी पॅरासिटामॉलच देतील.

जिक्के म्हणाली, "बाबा, सूप आहे ना घरी?"

आम्ही त्याचे आभार मानले. हात हातात घेऊन!

१९ जानेवारी

रुलीन घरी आली. केक घेऊन, अख्खा. म्हणजे गंभीर आहे.

बाई सरळ बोलली. अशा माराने मुलांची प्लीहा फाटते, पण कधी कधी रक्त आधी तिच्यातच धरून राहतं, बाहेर येत नाही. सोनोग्राफी स्वच्छ दिसते. म्हणून पोटावर असा वळ असेल तर मुलाला ठेवून घ्यायचं, नजर ठेवायची, पुन्हा तपासायचं. "हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, सित्से."

"माहीत होतं," हिस्के म्हणाली. सोफ्याच्या टोकावर बसून पहिल्यांदाच बोलली.

हिस्केच पुढे बोलली:

"मग नळ बंद ठेवून घ्या परीक्षा. बाप म्हणेल, ती बरी दिसते, आम्ही निघतो. ज्या दिवशी तुमचा माणूस तिला ठेवून घेईल, त्या दिवशी नाव द्या. तोवर बाहुलीच म्हणा."

केक कुणी कापला नाही.

३० जानेवारी

नळ बंद ठेवलेला पहिला मंगळवार. पोटावर वळ रंगवलेला, गोल. सगळ्यांनी पडदा पाहिला, सगळ्यांनी बाहुलीला घरी पाठवलं. एकाने तर तिचा गाल थोपटला. ठेवून घेतलं तरच, पुन्हा तपासताना, नळ उघडायचा होता; ती वेळच आली नाही.

मग रुलीनने सांगितलं, ही मुलगी रात्री गेली. एक जण म्हणाला, "पण हा फसवा प्रश्न आहे!"

हो. आम्हालाही तसाच वाटला होता.

६ फेब्रुवारी

बाहुली पुन्हा घरी. विबे आता रडत नाही, मी सांगितलं तसं सूप-सूप करतो. सुधारणा आहे.

१३ फेब्रुवारी

एका तरुण डॉक्टरीणबाईने बाहुलीला ठेवून घेते म्हटलं. मग घड्याळ पाहिलं, खाटा भरल्यात का विचारलं. आणि पाठवलं घरी.

हिस्के रोज विचारत नाही. मंगळवारी फक्त दार उघडून उभी राहते. मी नकाराची मान हलवतो.

२७ फेब्रुवारी

विबेला ताप. रुलीन म्हणाली, आज रद्द करू. मी म्हटलं, बाप मी होतो.

"नको, सित्से."

"मला संवाद पाठ आहेत."

खाटेभोवतीचं कापड सरकवून आत आला तो च्येब्बे. इतके मंगळवार रजा काढून टाळत होता, असं नर्सने मागे सांगितलं होतं. मला पाहिलं आणि जागीच थांबला. मग हात धुतले, बराच वेळ. जेल लावलं. उजवीकडे, डावीकडे, खाली. कुठेही काळं नाही.

पडदा त्याने माझ्याकडे वळवला नाही.

मी म्हटलं, "ती बरी दिसते. आम्ही निघतो."

"नाही."

"घरी सूप आहे, डॉक्टर."

"तुम्ही जाऊन खाऊन या. ती इथे राहणार. पडदा स्वच्छ आहे, पोटाचं मी सांगू शकत नाही." त्याने वळावर बोट ठेवलं. "हा वळ आहे. मी पुन्हा बघणार. नंतर पुन्हा."

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. रुलीनने नळ उघडला. दुसऱ्या वेळी काळी पट्टी दिसली तेव्हा तो शस्त्रक्रिया विभागाला फोन लावत होता.

मला त्याच्याबद्दल काहीतरी टोचून लिहायचं होतं. सुचत नाही.

घरी आलो. हिस्के दारात. मी मान हलवली नाही. म्हटलं, "ठेवून घेतलं."

२८ फेब्रुवारी

हिस्केने जिक्केचं कपाट उघडलं. निळा पायजमा काढला, इस्त्री केली. "रात्री इस्पितळात राहायचं तर लागेल तिला." कॉलरच्या आत शाळेच्या सहलीसाठी शिवलेली नावाची पट्टी आहे. ती तिने तशीच ठेवली.