थेंबाथेंबानं साखर

२ मार्च २०२५
परत गुठळ्या! माझी लेक सायली विद्यापीठातून आली ती बॅग आपटतच. सहा वर्षांची पीएचडी आणि ऐन शेवटाला साखर रुसली.
तिचं काम असं — शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचे कण करायचे, केसाच्या जाडीत चारशे मावतील एवढे बारीक. आत औषध, वर साखरेचा थर. रोगाशी लढणाऱ्या पेशी ती साखर ओळखतात, कण गिळतात, औषध नेमकं त्यांच्या पोटात जातं. पण साखर लावली की पोरीचे कण एकमेकांना चिकटतात.
मला हसूच आलं. वाळूजच्या औषध कंपनीत अर्धी हयात गोळ्यांवर साखर चढवली मी!

३ मार्च
दिवसभर जुना पॅन डोळ्यांसमोर. तांब्याचा, गरगर फिरणारा, आत लाखभर गोळ्या. पाक सोडायचा, हात घालून ओल बघायची. गोळ्यांचा आवाज बदलला की पुढचा पाक. पहिल्याच दिवशी मी सगळा पाक एकदम ओतला होता. गोळ्या जोडीजोडीनं चिकटल्या. फकिरामामा, माझा उस्ताद, केवढ्यानं ओरडला — ‘लई घाई झाली का रं? गोळीला पाक पाज, आंघोळ नको घालू!’
सायलीचं दुखणं तेच आहे. तिनं विचारलं नाही, पण मला कळलं.
घरी आलो की शर्टाला पाकाचा वास असायचा. संध्या, सायलीची आई, दारातच म्हणायची, ‘आले हलवाई!’ तिला जाऊन चार वर्षं झाली. फार आठवण येते.

५ मार्च
सांगितलं नाही.

८ मार्च
खरं लिहितो, इथं कोण वाचतंय! जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं सायलीला दोन वर्षांसाठी बोलावलंय — महिनाअखेर नीट कण दाखवले तर. नाही जमलं तर वाळूजला नोकरी तयार आहे, रोज सातच्या आत घरी. म्हणजे गुठळ्या राहिल्या तर पोरगी राहते.
म्हणून मी गप्प आहे. हलकटपणा आहे हा, दुसरं काय!

१४ मार्च
धुळवड. विद्यापीठ बंद. सायलीनं वाळूजच्या कंपनीला होकार लिहिला, मला वाचून दाखवला. ‘बरोबर लिहिलंय ना, अप्पा?’ आवाजात जीवच नव्हता. असा आवाज माझाही झाला होता — फिल्म कोटिंगचं, म्हणजे साखरेऐवजी पातळ पापुद्रा चढवणारं मशीन आलं आणि मला पॅकिंगला टाकलं तेव्हा. नऊ वर्षं खोकी चिकटवली. हात नुसते शिवशिवायचे.
राहवलं नाही. ‘साखर एकदम ओततीस ना?’
तिनं कागद खाली ठेवला.
‘थेंबाथेंबानं सोड. हलवत राहा. पहिला थेंब मुरला की दुसरा. घाई नाय करायची.’
बघतच राहिली माझ्याकडं. मग डोळे पुसले, आणि होकाराचा कागद फाडून टाकला.

१९ मार्च
जमलं! कण एकसारखे, एकही गुठळी नाही. पेशींनी गपागप गिळले म्हणे. बिनसाखरेचे बरेचसे बाहेरच राहिले. फकिरामामा आज हवा होता.
पेढे आणले. एकट्यानंच दोन खाल्ले.

२७ एप्रिल
जर्मनीला निघालेल्या सायलीला मुंबईच्या गाडीत बसवून आलो. गाडी हलली तशी खिडकीतून म्हणाली, ‘अप्पा, तुमची पाकाची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय मी. थेंबाथेंबानं मी चार मार्चलाच करून बघितलं होतं. तेव्हाच जमलं होतं. तुम्ही जा म्हणता का, तेवढंच बघत होते.’
दहा दिवस! दहा दिवस पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती.