हॅगरथ्वेट घराण्याच्या बदनामीबाबत

गुरुवार, ६ मार्च २०१४. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटं.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. गावच्या हॉलमध्ये, एकतीस माणसांसमोर, लेन मॉब्झनं माझ्या आडनावाची अब्रू घेतली. हा निवृत्त प्लंबर आमच्या इतिहास मंडळाचा सेक्रेटरी. म्हणे, जगातले सगळे हॅगरथ्वेट एका टाकून दिलेल्या बाळाचे वंशज. १७६२ साली ते टेकडीवरच्या मेंढवाड्यात सापडलं, टोपलीत. बेवारस मूल जिथं सापडेल त्या जागेचं नाव चर्चवाले त्याला लावत, आणि त्या मेंढवाड्याला हॅगरथ्वेट म्हणत.
चाळीस वर्षं मी गावाला सांगत आले की आम्ही नॉर्मन सरदार सर गाय यांचे वंशज आणि टेकडीवरचे दगड हा आमचा किल्ला. आज मागून कुणीतरी ‘मेंऽऽ’ केलं. पोस्टातली डोरीन असणार.
केक न खाता बाहेर पडले. लिंबाचा होता.

८ मार्च
मंडळाला पत्र. पुढच्या वार्तापत्रात माफी छापा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशिया सांगायच्या, रागवायचं तर शाईनं. चार पानं झाली.
ज्या मॉब्झ मंडळींनी तीन पिढ्या गावाची धुरांडी साफ केली त्यांनी घराण्यांवर बोलू नये. शिवाय ते कान. लेन वाऱ्यात उभा राहिला तर उडून जाईल. (माझे केसांखाली असतात. तो विषय वेगळा.)

११ मार्च
उत्तर नाही. पोस्टात लेन भेटला. म्हणाला, “अहो बाई, बाळ सापडलं यात लाज कसली? सापडलं नसतं तर तुम्ही कुठून आला असता?” मी म्हटलं, माझ्याशी लेखी बोला. तर हातातली कागदी पिशवी दाखवत म्हणतो, “ब्रेडच्या पिशवीवर चालेल?” डोरीन इतकी हसली की माझी तिकिटं उलटी चिकटवली.

२० मार्च
लिंकन शहरात जाऊन चर्चच्या जुन्या नोंदी पाहिल्या. नोंद आहे. मेंढवाडा आहे. टोपलीही आहे. पण अक्षर तिरकं. लिहिणारा नक्की प्यायलेला. तिथं पेनसुद्धा वापरू देत नाहीत, पेन्सिल देतात. काय लपवायचंय यांना?
निश्चय: १७ मे रोजी जगभरच्या हॅगरथ्वेटांचा मेळावा. बेचाळीस पत्ते मिळाले, टास्मानियापर्यंत. सर गाय यांची हकीकत सगळ्यांना पत्रानं कळवली. मला घराण्याची प्रमुख केलं की मॉब्झचं तोंड बंद.

१७ मे, सकाळी ९
चहाबरोबर द्यायला साठ स्कोन भाजले. कमी पडतील.

१७ मे, दुपारी ४
आठ जण आले. मी सर गाय यांच्यावर पंचवीस मिनिटं बोलले. मग कॅनडाची डेंटिस्ट मर्टल म्हणाली, “ताई, सरदार-बिरदार राहू दे. ते बाळ सापडलं ती जागा दाखवा ना.” लेन रबरी बूट घालून दाराशी उभा होताच. सगळे टेकडीवर गेले. मी स्कोन राखायला थांबले. खिडकीतून दिसत होतं: मर्टल रडत होती, टास्मानियाच्या म्हाताऱ्यानं हॅट काढली होती. परत आले ते “आमचं बाळ, आमचं बाळ” करत. प्रमुखपदाचा विषय निघाला नाही.
मर्टलनं डीएनए तपासणीच्या नळ्या आणल्या होत्या. थुंकीवरून रक्ताचं नातं कळतं म्हणे. सगळे थुंकले. मीही भरपूर थुंकले. नॉर्मन रक्त आपोआप सिद्ध होईल.

२३ जून
निकाल. ते आठही एकमेकांचे नातलग.
माझं त्यांच्यातल्या कुणाशीही नातं नाही. जुळलं फक्त एक नाव. त्याला म्हणे मुलीनं नाताळात अशीच नळी भेट दिली होती. लेनर्ड मॉब्झ. बहुधा आमचे पणजोबा एकच.
नळीचं झाकण सैल होतं. मला तेव्हाच वाटलं होतं.
आमच्या पणजीच्या घरची धुरांडी गावात सगळ्यांत स्वच्छ असत, असं आजोबा अभिमानानं सांगत. हे आत्ताच का आठवावं, कळत नाही.

२५ जून
मर्टलचं पत्र नाही. टास्मानियाचंही नाही. दारातून लेननं कार्ड टाकलं: “बाई, आता ताई म्हणू का? रविवारी आमच्याकडे सगळे मॉब्झ जेवायला जमतात. बीफ आहे. तुमची खुर्ची ठेवतो. केस बांधून या, आमच्यात सगळ्यांचे कान तसेच.”
निर्लज्जपणा. रविवारी मी माझा मटणाचा एक चॉप भाजते. वीस वर्षं एकच पुरतो.
उत्तराचा मसुदा:
श्री. मॉब्झ यांस. मी हॅगरथ्वेट आहे आणि हॅगरथ्वेटच राहीन. मेंढवाड्यात सापडलेलं ते बाळ आमचं आहे. कुठल्याही नळीला ते माझ्याकडून काढून घेता येणार नाही. हे आपणांस मान्य असल्याचं, आणि जेवण एकला की दीडला याचं, लेखी उत्तर शनिवार, २८ जून, दुपारी बाराच्या आत मिळावं. ब्रेडच्या पिशवीवर चालेल.